अमेरिकन ‘ॲपल पाय’ : एका घरगुती पदार्थाची ऐतिहासिक जडणघडण

प्रस्तावना

युद्धे, तह आणि राज्यकर्त्यांच्या कारकिर्दी यांच्याबरोबरच सामान्य माणसाचे दैनंदिन जीवन हाही इतिहासाचा विषय आहे, ही जाणीव विसाव्या शतकातील इतिहासलेखनाने दृढ केली. फ्रेंच इतिहासकार फेर्नां ब्रोदेल यांनी अन्न, वस्त्र व निवारा यांना इतिहासाच्या दीर्घ प्रवाहात स्थान दिले. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी ‘स्वीटनेस अँड पॉवर’ (१९८५) या ग्रंथात इंग्लंडमधील कामगाराच्या चहातील साखर आणि कॅरिबियन बेटांवरील गुलामगिरी यांचा संबंध उलगडून दाखविला. त्यामुळे स्वयंपाकघर हे केवळ कौटुंबिक व्यवहाराचे ठिकाण नसून तेथे व्यापार, साम्राज्य, श्रम आणि लिंगभाव यांचे धागे एकत्र येतात, ही दृष्टी अभ्यासकांना लाभली.

याच दृष्टीने प्रस्तुत लेखात ‘ॲपल पाय’ या पदार्थाचा विचार केला आहे. मराठी वाचकाला परिचित शब्दांत सांगायचे तर मैद्याची पारी, सफरचंदाच्या फोडी, साखर व दालचिनी यांचे सारण आणि वर पुन्हा पारीचे झाकण अशी ही भट्टीत भाजलेली, थाळीच्या आकाराची मोठी करंजीच होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या पदार्थाला राष्ट्रीय प्रतीकाचे स्थान आहे. एखादी गोष्ट अस्सल अमेरिकन आहे असे सांगताना ती ‘ॲपल पाय’इतकी अमेरिकन आहे, असे म्हणण्याचा तेथे प्रघात आहे. घर, आई आणि मायभूमी या तिन्ही कल्पना या एका पदार्थाभोवती गुंफल्या गेल्या आहेत. तथापि त्याचे सफरचंद, गहू, साखर, दालचिनी व जायफळ यांपैकी एकही घटक मूळचा अमेरिकन नाही. मग हा पदार्थ ‘घरचा’ कसा ठरला आणि तो तसा ठरत असताना कोणाची घरे व कोणाचे श्रम विस्मरणात गेले, हा येथील मध्यवर्ती प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ‘ॲपल पाय’ची युरोपीय पूर्वपीठिका पाहणे.
२) त्यातील प्रमुख घटकांच्या अमेरिकेतील आगमनाचा वसाहतवाद व गुलामगिरी यांच्याशी असलेला संबंध तपासणे.
३) घरगुती भाजकामातील स्त्रियांच्या श्रमाचे स्वरूप समजून घेणे.
४) या पदार्थाला राष्ट्रीय प्रतीकाचे स्थान कसे प्राप्त झाले, याचा शोध घेणे.

युरोपीय पूर्वपीठिका

आज जगभर पिकणाऱ्या सफरचंदाचा मुख्य पूर्वज मध्य आशियातील तिएनशान पर्वतराजीत, प्रामुख्याने आजच्या कझाकस्तानात, रानटी अवस्थेत आढळतो. सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी १९२९ मध्ये अल्माटी परिसरातील सफरचंदांची राने पाहून हा निष्कर्ष मांडला आणि पुढे जनुकीय अभ्यासाने त्याला पुष्टी मिळाली. व्यापारी मार्गांनी पश्चिमेकडे जाताना या फळाचा युरोपातील रानटी जातींशी संकर झाला. कलमे बांधण्याचे तंत्र ग्रीक व रोमन लोकांना अवगत होते. सफरचंदाच्या बीपासून उगवलेले झाड मातृवृक्षासारखे फळ देत नाही; त्यामुळे विशिष्ट चवीची जात टिकवायची तर कलमाशिवाय मार्ग नसतो. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

सफरचंदाच्या ‘पाय’ची इंग्रजीतील एक प्राचीन लिखित कृती १३८१ च्या सुमाराच्या हस्तलिखितात आढळते. सॅम्युएल पेग यांनी १७८० मध्ये ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या राजदरबारी पाकग्रंथासोबत ती छापून प्रसिद्ध केली. या कृतीत सफरचंदांबरोबर नासपती, अंजीर, मनुका, मसाले व केशर यांचा उल्लेख आहे. साखरेचा मात्र नाही. साखर त्या काळी दुर्मीळ व महाग होती आणि गोडवा सुक्या मेव्यातून येत असे. पिठाच्या आवरणाला तेव्हा ‘कॉफिन’, म्हणजे पेटी, असे म्हणत. हे आवरण पुष्कळदा जाड व कठीण असे. खाण्यापेक्षा सारण शिजविण्याचे आणि टिकविण्याचे भांडे म्हणूनच त्याचा उपयोग अधिक होता.

१५१४ च्या सुमारास ब्रुसेल्स येथे छापल्या गेलेल्या डच भाषेतील पाकपुस्तकातही सफरचंदाच्या अशा पदार्थाची कृती आहे. इंग्लंडमध्ये जर्व्हेस मार्कम यांच्या ‘द इंग्लिश हसवाइफ’ (१६१५) या ग्रंथापर्यंत साखर, दालचिनी, लवंग, खजूर व संत्र्याची साल यांचा सारणात समावेश झालेला दिसतो. सुमारे सव्वादोनशे वर्षांच्या या अंतरात पदार्थ तोच राहिला, परंतु त्यामागील व्यापाराचा भूगोल पूर्णतः बदलला होता.

सफरचंदाचे स्थलांतर आणि भूमीचा प्रश्न

युरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत लहान, आंबट-तुरट रानसफरचंदांच्या काही जाती होत्या. लागवडीखालील सफरचंद मात्र वसाहतवाल्यांनी आणले. विल्यम ब्लॅक्स्टन हा धर्मोपदेशक १६२५ च्या सुमारास आजच्या बोस्टनच्या जागी स्थायिक झाला व त्याने तेथे सफरचंदाची बाग केली. परागीभवनास उपकारक ठरलेली युरोपीय मधमाशीही १६२२ मध्ये जहाजाने व्हर्जिनियात आणली गेली. नवी भूमी ‘घर’ व्हावी यासाठी तिची जैविक रचनाच बदलण्याची ही प्रक्रिया होती.

तथापि सफरचंद केवळ गोऱ्या वसाहतवाल्यांचे राहिले नाही. आजच्या न्यूयॉर्क राज्यातील सेनेका, कायुगा आदी मूलनिवासी राष्ट्रांनी हे फळ आपलेसे केले आणि मक्याच्या शेतांशेजारी सफरचंद व पीच यांच्या बागा उभारल्या. ही राष्ट्रे इरोक्वॉय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा राष्ट्रांच्या संघातील होत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात या संघातील चार राष्ट्रांचा कल ब्रिटिशांकडे होता आणि सरहद्दीवरील वसाहतींवर हल्ले होत होते. त्यास उत्तर म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आदेशाने १७७९ मध्ये जनरल जॉन सुलिव्हन यांची मोहीम निघाली. या मोहिमेत चाळीस किंवा त्याहून अधिक गावे जाळली गेली, मक्याची कोठारे नष्ट केली गेली आणि फळबागा तोडल्या गेल्या. उभे पीक जाळले तर पुढील हंगामात पुन्हा घेता येते. फळबाग तोडणे म्हणजे त्या समाजाचे तेथील भवितव्यच तोडणे होय. सप्टेंबर १७७९ मध्ये जेनेसी नदीच्या खोऱ्यातील सेनेकांचे मोठे गाव जाळून ही मोहीम परतली.

यानंतरचा घटनाक्रम लक्षणीय आहे. १७८८ मध्ये फेल्प्स व गोरहम या सट्टेबाज भूखरेदीदारांनी सेनेकांकडून विस्तीर्ण प्रदेश घेतला. १७९७ च्या बिग ट्री करारान्वये जेनेसीच्या पश्चिमेकडील बहुतेक भूमीही सेनेकांच्या हातून गेली. याच परिसरातील ईस्ट ब्लूमफील्ड येथे १८०० च्या सुमारास, कनेक्टिकटमधून आणलेल्या बियांच्या रोपांतून ‘नॉर्दर्न स्पाय’ ही जात उदयास आली. आंबटगोड, टणक आणि भाजल्यावरही फोडींचा आकार टिकविणारे हे सफरचंद ‘पाय’साठी उत्कृष्ट मानले जाते. ज्या प्रदेशात सेनेकांच्या बागा तोडल्या गेल्या, त्याच प्रदेशाने वीस-एकवीस वर्षांत अमेरिकन स्वयंपाकघराला त्याचे आवडते सफरचंद दिले.

लोकस्मृतीत मात्र सफरचंदाचा अमेरिकेतील प्रसार ‘जॉनी ॲपलसीड’ या नावाशी जोडला गेला आहे. जॉन चॅपमन (१७७४–१८४५) या ऐतिहासिक व्यक्तीने पेनसिल्व्हेनिया, ओहायो व इंडियाना या भागांत सफरचंदाच्या रोपवाटिका लावल्या. धार्मिक श्रद्धेपोटी त्याला कलम बांधणे अमान्य होते. त्यामुळे त्याच्या बियांच्या झाडांची फळे प्रामुख्याने ‘सायडर’ हे आंबवलेले पेय करण्याच्या उपयोगाची होती. सरहद्दीवर काही ठिकाणी जमिनीवरील हक्क पक्का करण्यासाठी फळझाडे लावण्याची अट असे. म्हणजेच सफरचंदाचे झाड हा भूमीवरील मालकीचा पुरावाही होता. अनवाणी फिरणाऱ्या प्रेमळ साधूच्या कथेत हा संदर्भ झाकला गेला.

पीठ, साखर आणि मसाले

‘पाय’ची पारी गव्हाच्या पिठाची असते. गहूही युरोपातून आला. न्यू इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात तांबेरा रोगाने गव्हाचे वारंवार नुकसान झाल्याने सामान्य घरांत राय व मका यांचेच पीठ अधिक वापरले जाई. ही परिस्थिती पालटण्यात १८२५ मध्ये पूर्ण झालेल्या ईरी कालव्याचा मोठा वाटा होता. या कालव्यामुळे जेनेसी खोऱ्यातील गहू रॉचेस्टरच्या गिरण्यांत दळला जाऊन स्वस्तात न्यूयॉर्कपर्यंत पोहोचू लागला आणि रॉचेस्टरला ‘पिठाचे शहर’ असे नावच पडले. अशा प्रकारे पारी आणि सारण हे दोन्ही सेनेकांच्या पूर्वीच्या भूमीतून येऊ लागले.

साखरेचा इतिहास अधिक कठोर आहे. कॅरिबियन बेटांवरील उसाचे मळे आफ्रिकेतून पळवून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभे होते. १७९५ मध्ये एत्येन द बोरे यांनी लुइझियानात उसापासून दाणेदार साखर यशस्वीपणे काढल्यानंतर तेथेही गुलामांच्या श्रमावर आधारलेला साखरधंदा वाढला. हा संबंध तत्कालीन लोकांच्या ध्यानी आला नव्हता असे नाही. १७९१ मध्ये इंग्लंडमध्ये अनेक कुटुंबांनी वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार घातला. त्याच सुमारास अमेरिकेत बेंजामिन रश यांनी मेपल वृक्षाच्या रसापासून साखर करून गुलामांच्या साखरेला पर्याय द्यावा, असा विचार थॉमस जेफरसन यांना लिहिलेल्या पत्रातून मांडला. साखरेचा डबा नैतिक प्रश्नाचा विषय होऊ शकतो, हे तेव्हाच्या गृहिणींना ठाऊक होते.

मसाल्यांची वाटही रक्तरंजित होती. दालचिनी श्रीलंकेतून येई. तिच्यावरील पोर्तुगीजांचा ताबा १६५८ पर्यंत डचांकडे आणि १७९६ मध्ये किनारी प्रदेश जिंकल्यावर ब्रिटिशांकडे गेला. जायफळ व जायपत्री या केवळ बांदा बेटांवरील वस्तू होत्या. १६२१ मध्ये यान पीटरझोन कून यांच्या नेतृत्वाखाली डच ईस्ट इंडिया कंपनीने ही बेटे जिंकताना तेथील बहुसंख्य रहिवाशांना ठार केले, गुलाम केले किंवा परागंदा केले. बांदांपैकी रन हे चिमुकले बेट इंग्रजांच्या दाव्याखाली होते. १६६७ च्या ब्रेडा तहाने ते डचांकडे राहिले आणि मॅनहॅटनसह न्यू नेदरलँड इंग्रजांकडे राहिले. जायफळाचे बेट आणि आजचे न्यूयॉर्क एकाच तहाच्या दोन पारड्यांत बसले, यावरून मसाल्याच्या चिमूटभर पुडीचे तत्कालीन मोल लक्षात येते.

पाकपुस्तके, चूल आणि स्त्रियांचे श्रम

१७९६ मध्ये हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकन व्यक्तीने लिहून अमेरिकेत छापलेले हे पहिले पाकपुस्तक मानले जाते. मुखपृष्ठावर लेखिकेने स्वतःचा उल्लेख ‘अमेरिकन अनाथ’ असा केला आहे. यातील मक्याचे पदार्थ खऱ्या अर्थाने त्या भूमीचे होते. ‘ॲपल पाय’च्या कृती मात्र इंग्रजी परंपरेतील आहेत. शिजवून गाळलेल्या सफरचंदांत लिंबाची किसलेली साल, दालचिनी, जायपत्री, गुलाबपाणी व साखर घालावी, असे एका कृतीचे स्वरूप आहे. जुनी कृती नव्या राष्ट्राच्या नावाखाली छापली गेली आणि अमेरिकन ठरली. पुढे लिडिया मारिया चाइल्ड यांच्या ‘द फ्रूगल हाउसवाइफ’ (१८२९) या काटकसरीच्या गृहिणीसाठी लिहिलेल्या पुस्तकातही हा पदार्थ आला. याच लेखिकेने १८३३ मध्ये गुलामगिरीविरोधी ग्रंथ लिहून समाजाचा रोष ओढवून घेतला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

कृती काही ओळींची असली तरी तिच्यामागील काम मोठे होते. शरद ऋतूत सफरचंदे उतरवल्यावर ती सोलणे, चिरणे व दोऱ्यात ओवून सुकविणे हा आठवडेच्या आठवडे चालणारा उद्योग असे. शेजारणी एकत्र जमून तो उरकीत. आपल्याकडील पापड-कुरडयांच्या दिवसांशी त्याचे साम्य आहे. १८०३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मोझेस कोट्स यांनी सफरचंद सोलण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, यावरून या कामाचा व्याप ध्यानी येतो. पारीचे कामही कौशल्याचे होते. करंजीच्या पारीत मोहन कडकडीत करून घालतात, तर येथे लोणी किंवा डुकराची चरबी थंडच पिठात चोळावी लागते. भट्टीच्या उष्णतेने ती वितळते, ओलाव्याची वाफ होते आणि पारीला पापुद्रे सुटतात. पीठ अधिक मळले गेले तर ते चिवट होते. त्यामुळे हाताचा वेग आणि गारवा यांना महत्त्व असते.

विटांच्या भट्टीत आधी लाकूड जाळून निखारे बाहेर काढीत आणि आत हात धरून किती वेळ सोसवते यावरून उष्णतेचा अंदाज घेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओतीव लोखंडाच्या चुली घरोघरी आल्या. १८९६ मध्ये फॅनी फार्मर यांच्या पुस्तकाने काठोकाठ सपाट मापांची पद्धत रूढ केली आणि अंदाजाची जागा प्रमाणाने घेतली. तथापि साधने सुधारल्याने श्रम कमी झालेच असे नाही. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी ‘मोअर वर्क फॉर मदर’ (१९८३) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे नव्या साधनांमुळे पुरुषांचे व मुलांचे सरपण फोडण्यासारखे काम घटले. गृहिणीकडून असलेल्या अपेक्षा मात्र वाढल्या. एका भांड्यातील जेवणाऐवजी अनेक पदार्थ आणि सोबत ताजे ‘पाय’ ही तिची कर्तव्ये ठरली.

यातील सर्वच स्त्रिया स्वतःच्या घरासाठी भाजत नव्हत्या. दक्षिणेत मालकाच्या स्वयंपाकघरातील काम बहुतांशी गुलाम स्त्रियांचे होते आणि त्यांचे कौशल्य मालकिणीच्या नावे जमा होई. या पार्श्वभूमीवर मलिंडा रसेल यांचे ‘अ डोमेस्टिक कुक बुक’ (१८६६) हे कृष्णवर्णीय स्त्रीचे ज्ञात असलेले सर्वांत जुने पाकपुस्तक महत्त्वाचे ठरते. जन्मतः स्वतंत्र असलेल्या रसेल टेनेसीत पेस्ट्रीचे दुकान चालवीत. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या ॲबी फिशर यांनी निरक्षर असल्यामुळे १८८१ मधील आपले पुस्तक इतरांना सांगून लिहवून घेतले. ‘आईच्या हातचे’ या शब्दप्रयोगातील हात कोणाचे, हा प्रश्न ही दोन पुस्तके उभा करतात.

राष्ट्रीय प्रतीकाची घडण

यादवी युद्धाच्या काळात उत्तरेच्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत अनेक जिन्नसांची टंचाई झाली. १८६३ मध्ये रिचमंड येथे प्रसिद्ध झालेल्या ‘कॉन्फेडरेट रिसीट बुक’ या पुस्तिकेत सफरचंदाविना ‘ॲपल पाय’ची कृती आहे. भिजवलेली खारी बिस्किटे, टार्टारिक आम्ल, साखर, लोणी व जायफळ यांतून सफरचंदाचा भास निर्माण करावयाचा, असे तिचे स्वरूप होते. फळ नसले तरी पदार्थ हवाच होता. म्हणजे ‘ॲपल पाय’ आता खाद्यपदार्थाच्या पलीकडे जाऊन सुस्थितीची आणि घराची खूण बनला होता.

१९०२ मध्ये एका इंग्रज लेखकाने रोज ‘पाय’ खाण्याच्या अमेरिकन सवयीवर टीका केली असता ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकीयातून या पदार्थाचा संबंध राष्ट्राच्या पराक्रमाशी जोडला. पदार्थ मूळचा इंग्लंडचा आणि टीकाकारही इंग्लंडचाच, हा विरोधाभास लक्षणीय आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिक कशासाठी लढतात, या प्रश्नाला ‘आई आणि ॲपल पाय’साठी, हे उत्तर रूढ झाले. या प्रतीकाला उलट बाजूनेही हात घातला गेला. १९६७ मध्ये कृष्णवर्णीय युवक नेते एच. रॅप ब्राउन यांनी हिंसा ही चेरीच्या ‘पाय’इतकीच अमेरिकन आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. घर व मातृत्व यांच्या प्रतीकाजवळ त्यांनी हिंसेचा इतिहास आणून ठेवला. जेनेसी खोरे, लुइझियानाचे मळे व बांदा बेटे यांचा इतिहास पाहता या उद्गारामागील विचार सहज दूर सारता येत नाही. १९९९ मध्ये व्हरमाँट राज्याने ‘ॲपल पाय’ला कायद्याने राज्याच्या ‘पाय’चा दर्जा दिला आणि तो दूध, चेडर चीज किंवा व्हॅनिला आइस्क्रीम यांसोबत वाढण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा, असेही त्यात नमूद केले.

भारतीय संदर्भ

अमेरिकन सफरचंदाचा एक धागा भारताशीही जुळतो. फिलाडेल्फियाचे सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स (१८८२–१९४६) हे १९०४ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आले आणि सिमल्याजवळील कोटगढ येथे स्थायिक झाले. कुलू भागात इंग्रजांनी १८७० च्या सुमारास लावलेली सफरचंदे भारतीयांना आंबट वाटत. स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरीच्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेतून ‘रेड डिलिशस’ ही गोड जात आणून लावली. त्यांनी डोंगराळ भागातील वेठबिगारीविरुद्ध लढा दिला, १९२१ मध्ये असहकार चळवळीत कारावास भोगला आणि १९३२ मध्ये हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले. बागेबरोबर श्रमिकांच्या मुक्तीचा प्रश्नही हाती घेता येतो, हे या उदाहरणातून दिसते.

महाराष्ट्रातील उपवासाची साबुदाण्याची खिचडी या संदर्भात तुलनेसाठी घेता येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तमिळनाडूतील सेलम परिसरात कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा तयार करण्याचा उद्योग उभा राहिला. कसावा, शेंगदाणा, बटाटा व मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीज व अन्य युरोपीय व्यापाराच्या मार्गाने ती भारतात आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय पदार्थात अमेरिकेचे काहीच नाही आणि आपल्या उपवासाच्या ताटातील बहुतेक जिन्नस अमेरिकेचे आहेत. पावित्र्य, परंपरा व स्वदेशीपणा या कल्पना किती अल्पकाळात आकार घेतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, ‘ॲपल पाय’चे अमेरिकनपण त्याच्या घटकांत किंवा कृतीत नाही; ते छापील पाकपुस्तके, वृत्तपत्रे, युद्धकालीन भावना आणि कायदा यांनी घडविले. दुसरा, त्याचे घटक सहज व स्वस्त उपलब्ध होण्यामागे मूलनिवासींचे विस्थापन, आफ्रिकन गुलामांचे श्रम आणि आशियातील मसाल्यांच्या बेटांवरील हिंसा होती. तिसरा, ‘घरगुती’ या विशेषणाने गृहिणीच्या श्रमाचा गौरव झाला, पण त्याच विशेषणाने तो श्रम विनामूल्य व स्वाभाविकही ठरविला. इतरांच्या घरी राबणाऱ्या स्त्रियांचा तर त्यात उल्लेखही उरला नाही.

याचा अर्थ हा पदार्थ अमेरिकन नाही असा नव्हे. परक्या वस्तू आपल्याशा करणे हा मानवी संस्कृतीचा स्वभावच आहे आणि सेनेकांनीही सफरचंद आपलेसे केले होते. आक्षेप आपलेसे करण्याला नाही. एका समाजाच्या बागा ‘घर’ म्हणून स्मरणात राहतात आणि दुसऱ्याच्या तोडलेल्या बागा विस्मरणात जातात, या विषमतेकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष वेधणे आवश्यक आहे. आपल्या महाविद्यालयांतून स्थानिक खाद्यपदार्थांचा इतिहास अशा पद्धतीने अभ्यासला गेल्यास, विद्यार्थ्यांना जगाच्या इतिहासाची ओळख स्वतःच्या घरातील ताटापासून करून देणे शक्य होईल.